डावीकडचा डग्गा

लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. त्याची नवी चाचणी आवृत्ती बहुधा रविवारी निघते. आपल्याकडे तोवर सोमवारची पहाट झालेली असते. सोमवारी मला वेळ मिळत नाही, पण त्या आठवड्यात एखाद्या रात्री, जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की मी मागच्या खोलीत जाते. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरचं बटण दाबते आणि नव्या कर्नलवर तो सुरू व्हायची वाट बघत बसते. नव्या आवृत्तीत माझं जुनं साऊंड कार्ड नीट वाजतं का, हे मला तपासायचं असतं. मग एक छोटी आज्ञा टाइप करते. साऊंड कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, मेमरीत चढतो आणि स्पीकरमधून ‘टप्’ असा बारीक आवाज येतो, पत्र्यावर पावसाचा एकच थेंब पडावा तसा. मधला दीड वर्षाचा खंड सोडला तर नऊ वर्षं मी हा आवाज ऐकत आले आहे.

गेल्या महिन्यात असाच तो टप् आला. नेहमीच्या चाचण्या पार पडल्या. शेवटी मी एक रेकॉर्डिंग लावते, दर वेळी तेच. एका भजनी मंडळाचं, माझ्या मामानं कॅसेटवरून उतरवून घेतलेलं. ते संपत आलं तेव्हा माझा मुलगा दारात येऊन उभा राहिला. तो पंधरा वर्षांचा आहे, सहा वर्षं तबला शिकतोय.

“आई, डावीकडून डग्गा येत नाहीये.”

“येतोय की.”

“तबला येतोय. डग्ग्याचा घुमारा येत नाहीये. नीट ऐक.”

मी पुन्हा लावलं. डोळे मिटून ऐकलं. उजवीकडे डग्गा पोटातून बोलत होता आणि डावीकडे नुसती थाप ऐकू येत होती, कागदावर मारल्यासारखी. तो म्हणत होता ते खरं होतं.

हे कार्ड मामाचं. मिरजेला, सतारी बनवणाऱ्यांच्या दुकानांपासून दोन गल्ल्या पलीकडे त्याचं कॅसेटचं दुकान होतं. कोऱ्या कॅसेटी विकायच्या, अडकलेली टेप सोडवून द्यायची, कुणाच्या लग्नातली सनई, कुणाच्या गावच्या सप्त्यातलं कीर्तन भरून द्यायचं. १९९९ मध्ये त्यानं ठरवलं की आता हे सगळं सीडीवर जाणार. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेला, लॅमिंग्टन रोडवर दिवसभर फिरला आणि सुटे भाग घेऊन परत आला. मी तेव्हा सांगलीला इंजिनिअरिंगला होते. दोघांनी मिळून दुकानाच्या मागच्या खोलीत तो पीसी जोडला. साऊंड कार्ड होतं यामाहाच्या वायएमएफ ७२४ चिपचं. तेव्हा असेंबल्ड पीसीत हे कार्ड बरंच दिसायचं. दुकानदारानं मामाला सांगितलं होतं, “लाइन-इन साफ आहे हिची, कॅसेटवाल्यांना हीच घेऊन जायला सांगतो.” मामानं त्या लाइन-इनमधून किती कॅसेटी उतरवल्या याचा हिशेब त्यानंही ठेवला नाही.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे मला कळलं ते त्याच यंत्रावर. त्याआधी कॉलेजात शिकवलं होतं, पण ते परीक्षेपुरतं.

साऊंड कार्डाला ‘वाजव’ म्हणून सांगता येत नाही. त्याला ठरावीक पत्त्यांवर ठरावीक आकडे, ठरावीक क्रमानं आणि कधीकधी ठरावीक अंतरानं लिहून द्यावे लागतात. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं १९८९ मध्ये पहिलं साऊंड ब्लास्टर काढलं, आणि त्याचा पत्ता, हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या मोजणीत) २२०, पुढे इतका रूढ झाला की इतर कंपन्यांची कार्डंही आपण साऊंड ब्लास्टरच आहोत असं भासवू लागली. डॉसवर गेम खेळलेल्या माझ्या पिढीला पत्ता २२०, इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची ओळ) ५, डीएमए (मेमरीशी थेट देवाणघेवाणीची वाहिनी) १ हे आकडे पाढ्यांसारखे पाठ आहेत. एकाच इंटरप्टवर दोन कार्डं बसली की भांडण ठरलेलं. मग कॅबिनेट उघडायचं, चिमट्यानं जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी चिमुकली टोपी, काढून शेजारच्या पिनांवर बसवायचा आणि पुन्हा सुरू करून बघायचं.

साऊंड ब्लास्टर जागं आहे का, हे विचारायची पद्धत मला अजून फार आवडते. २२६ या पत्त्यावर १ लिहायचा. थोडं थांबायचं. मग ० लिहायचा. चिप शुद्धीवर असेल तर २२ए या पत्त्यावर एक आकडा तयार ठेवते, हेक्समध्ये एए, म्हणजे १७०. तो वाचता आला की समजायचं, समोर कुणीतरी आहे. मूळ माहितीपुस्तिकेत मधला थांबा तीन मायक्रोसेकंदांचा सांगितला आहे. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये तो दहाचा आहे. हे वरचे सात मायक्रोसेकंद मला कोडमधल्या कुठल्याही हुशारीपेक्षा मोलाचे वाटतात. पुस्तिका लिहिणाऱ्यासमोर एक कार्ड होतं. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला जगभरातली, कमीजास्त प्रतीची, खरी-नकली सगळी कार्डं जागी करायची होती.

वायएमएफ ७२४ त्यानंतरच्या पिढीतलं, पीसीआय स्लॉटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या एका प्रकारच्या खाचेत, बसणारं. त्याचा पत्ता मदरबोर्डच ठरवतो, जंपर नाहीत. तरीही त्यात एफएम सिंथेसिसची (चिपनं स्वतः सूर घडवण्याची) जुनी जागा हेक्स ३८८ आणि मिडीची (वाद्यांना सूचना पाठवण्याची) ३३० ठेवलेली आहे, जुन्या गेमसाठी. नव्या घरात आजीच्या देवघराचा कोनाडा ठेवतात तशी.

आमच्या त्या पीसीवर मी लिनक्स चढवलं ते मामाला न विचारता, वेगळ्या पार्टिशनवर. ड्रायव्हर चढला, कुठलीही चूक दाखवली नाही, आणि आवाज मात्र अजिबात नाही. दोन रात्री मी स्वतःला दोष देत बसले. कारण एवढंच होतं की आल्सा, म्हणजे लिनक्सची ध्वनिव्यवस्था, तेव्हा मिक्सरच्या सगळ्या वाहिन्या बंद ठेवून सुरू व्हायची. अचानक मोठा आवाज होऊन स्पीकरला किंवा कानाला इजा होऊ नये म्हणून. मिक्सरच्या पडद्यावर प्रत्येक पट्टीखाली ‘एमएम’ लिहिलेलं असतं. त्या पट्टीवर जाऊन एम दाबायचं. मी दाबलं, आणि पहिल्यांदा तो आवाज ऐकला.

आल्साची सुरुवातही एका कार्डाच्या प्रेमातून झाली आहे. १९९२ मध्ये कॅनडाच्या ग्रॅव्हिस कंपनीनं अल्ट्रासाऊंड नावाचं कार्ड काढलं. त्यात वाद्यांचे खरे नमुने कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत भरता यायचे आणि एका वेळी बत्तीस स्वर वाजायचे. तोवरच्या लिनक्समधली ध्वनिव्यवस्था फिनलंडच्या हन्नू सावोलाइनेन यांच्या ड्रायव्हरांवर उभी होती, पण या कार्डाचं सगळं सामर्थ्य तिच्यातून बाहेर येत नव्हतं. चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव्ह किसेला यांनी अल्ट्रासाऊंडसाठी वेगळा ड्रायव्हर लिहायला घेतला. त्यातूनच १९९८ मध्ये आल्सा उभी राहिली, २००२ मध्ये ती कर्नलच्या विकासशाखेत आली आणि २००३ च्या डिसेंबरात निघालेल्या २.६ मध्ये मुख्य ध्वनिव्यवस्था झाली. माझ्या कार्डाच्या ड्रायव्हरच्या माथ्यावरही किसेला यांचंच नाव आहे. ती फाइल उघडली की मला दर वेळी बरं वाटतं. कुणीतरी ही चिप माझ्याआधी, माझ्यापेक्षा कितीतरी नीट समजून घेतली होती.

अशा फायलींमध्ये जे लिहिलेलं असतं ते पुष्कळदा दुसरीकडे कुठेच उरलेलं नसतं. ऑरिअल कंपनीचं उदाहरण घ्या. तिची व्होर्टेक्स चिप आवाज खोलीत कुठून येतोय याचा भास करून द्यायची, आणि त्या काळात ते थक्क करणारं होतं. क्रिएटिव्हशी झालेला पेटंटचा खटला १९९९ च्या शेवटी ऑरिअलनं जिंकला, पण त्या खर्चात कंपनीच बुडाली, आणि २००० मध्ये तिची मालमत्ता क्रिएटिव्हनंच विकत घेतली. व्होर्टेक्स कार्डं घेतलेल्या लोकांच्या हातात राहिला एक बंद, न वाचता येणारा ड्रायव्हर. पुढे काही जणांनी तो उलगडून, प्रयोग करून करून खुला ड्रायव्हर लिहिला. आज तो कर्नलमध्ये आहे. त्यातल्या एका फाइलीत नुसती आकड्यांची कोष्टकं आहेत, कान आणि डोकं यांच्या आकारामुळे आवाज कसा बदलतो याची. कंपनी गेली, पण ते आकडे आहेत. कुणीही उघडून वाचावेत.

माझ्या कार्डाच्या बाबतीत सगळंच उघडं नाही. यामाहाच्या चिपमध्ये सुरुवातीला छोटी फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, भरावी लागते. तिच्या फायली कर्नलपासून वेगळ्या मिळतात आणि त्यांच्या आत काय चाललं आहे हे आपल्याला वाचता येत नाही. त्या नसतील तर ड्रायव्हर चढत नाही. नवीन डिस्क टाकली की मी आधी त्या फायली जागेवर आहेत ना बघते, मग बाकीचं.

लोक विचारतात, पंचवीस वर्षांपूर्वीची चिप, ती बदलत नाही, मग ड्रायव्हरवर काम काय उरतं? चिप बदलत नाही हे खरं. तिच्याभोवतीचं सगळं बदलत राहतं. कर्नलमध्ये दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीत हजारो बदल असतात. टायमर लावायची पद्धत बदलते, मेमरी मागायची पद्धत बदलते, वापरकर्त्याकडून ध्वनीचे आकडे उचलून आणायची पद्धत बदलते. असा बदल करणारा माणूस शेकडो फायलींना एकदम हात लावतो. त्याच्यापाशी ती शेकडो कार्डं नसतात. असणं शक्यही नाही.

२०२१ मध्ये असंच झालं. ड्रायव्हरनं घेतलेली मेमरी, पत्ते, इंटरप्ट हे सगळं ड्रायव्हर उतरताना आपोआप परत जावं, अशी चांगली, हवीशी सुधारणा जुन्या ध्वनि-ड्रायव्हरांमध्ये केली गेली. ५.१५ या आवृत्तीत ती आली. आधी प्रत्येक ड्रायव्हरला आवराआवरीचा कोड हातानं लिहावा लागायचा आणि त्यात चुका राहायच्या. आता तो कोड काढून टाकला. वायएमएफच्या ड्रायव्हरमध्ये बाकी सगळं नव्या पद्धतीवर गेलं, पण खुद्द कार्डाची नोंद करणारी एक ओळ जुन्याच पद्धतीची राहिली. म्हणजे घरातलं सामान परत गेलं, घरही पाडलं, आणि दारावरची पाटी तेवढी तशीच उभी. त्या पाटीवर विसंबून कुणी आत पाऊल टाकलं की खाली जमीन नाही. ड्रायव्हर उतरवला की आज ना उद्या कर्नल कोसळायचा.

ही चूक २०२३ मध्ये कुणीतरी शोधून दुरुस्त केली. एका ओळीची दुरुस्ती. त्याच माणसानं आणखी एक गोष्ट पकडली. हा ड्रायव्हर सुरुवातीला मेमरीचा एक मोठा तुकडा घेतो, त्यातून वेगवेगळ्या कामांना जागा वाटतो, आणि शेवटी वाटलेल्या जागेची बेरीज तुकड्याच्या मापाशी जुळते का हे ताडून बघतो. दरम्यान मेमरी देणाऱ्या विभागानं तुकड्याचं माप पूर्ण पानांत (मेमरीच्या ठरावीक मापाच्या भागांत) नोंदवायला सुरुवात केली होती, म्हणजे वर गोल करून. बेरीज बरोबर होती, तरी जुळेना.

मी ज्या खंडाबद्दल वर म्हटलं तो नेमका याच काळातला. आम्ही घर बदललं होतं, सासूबाईंचं आजारपण होतं, आणि जुना कॉम्प्युटर खोक्यात बंद होता. मी ही चूक एका रात्रीत पकडली असती असा माझा दावा नाही. पण ड्रायव्हर चढवणं आणि उतरवणं ही माझ्या यादीतली पहिलीच चाचणी आहे. खोकं उघडलेलं असतं तर मला ती दिसली असती. ही खंत मला अजून आहे, आणि त्यानंतर मी एकही आवृत्ती चुकवलेली नाही.

कोड कंपाइल झाला, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरला, की व्याकरण बरोबर आहे एवढंच कळतं. वाजतोय की नाही ते वाजवूनच बघावं लागतं. मिरजेला लहानपणी मी तंबोऱ्याची जवारी लावताना बघितली आहे. कारागीर घोडीवरून कानस अगदी हलका फिरवायचा, तार छेडायचा, ऐकायचा. पुन्हा एक हात. पुन्हा ऐकायचा. त्याच्या शेजारी मोजपट्टी नसायची. तिथे माझ्या आतेबहिणीनं एकदा विचारलं, “काका, झालं हे कसं कळतं?” त्यांनी तार छेडली आणि म्हणाले, “ऐक.” आणखी काही बोलले नाहीत.

कर्नलमध्ये एखादा बदल तपासणाऱ्याची नोंद बदलाखाली होते, ‘टेस्टेड-बाय’ आणि पुढे नाव. आल्साचं काम वर्षानुवर्षं सांभाळणारे ताकाशी इवाई जुन्या कार्डांसाठी आलेल्या एका ओळीच्या पॅचलाही (दुरुस्तीलाही) जागा देतात, हे मी बघत आले आहे. ‘टेस्टेड-बाय’ या शब्दाचा अर्थ माझ्यासाठी सरळ आहे. या माणसाकडे ते कार्ड आहे, त्यानं ते वाजवलं आणि ऐकलं.

म्हणून कार्ड सांभाळणं हेही कामच. आताच्या बहुतेक मदरबोर्डवर पीसीआय स्लॉट येत नाही. २०११ च्या सुमारास इंटेलच्या घरगुती चिपसेटमधून तो गेला आणि मग हळूहळू बोर्डांवरूनही. माझं यंत्र कोअर टू ड्युओचं आहे, त्याला दोन स्लॉट आहेत आणि मी त्याला जपते. पावसाळ्यात पुण्याची हवासुद्धा सर्द होते, मग कार्डाच्या सोनेरी पट्टीवर थर चढतो. पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसायचा, भुसा ब्रशनं झाडायचा, पुन्हा बसवायचं. दुसरं एक तसंच कार्ड मला जुन्या बाजारात एका रविवारी मिळालं, तुटक्या कीबोर्डच्या ढिगाखाली. विकणाऱ्यानं चाळीस रुपये सांगितले. मी घासाघीस केली नाही.

हा ड्रायव्हर एक दिवस काढून टाकतील का? टाकतीलही. लिनक्स जिच्यावर जन्मला ती ३८६ चिपसुद्धा २०१२ च्या डिसेंबरात कर्नलमधून काढली गेली. कुणीच वापरत नाही, कुणीच तपासत नाही असा कोड ठेवणं धोक्याचं असतं. त्यात राहिलेल्या चुका दुसऱ्यांना भोवतात. माझं याबद्दल भांडण नाही. पण ‘कुणीच तपासत नाही’ हे वाक्य माझ्या कार्डाबद्दल आज खरं नाही, आणि माझे कान चालतात तोवर ते खरं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आणि गेल्या महिन्यात प्रश्न कानांचाच आला.

मी नेहमी दोन्ही बाजूंना ४४० हर्ट्झचा सूर वाजवते, मग भजन. सूर डावीकडेही स्वच्छ होता. भजनात मला फरक जाणवला नव्हता. शेहेचाळीस वर्षांचे कान, रात्रीचे साडेदहा, आणि ऐकून ऐकून पाठ झालेलं रेकॉर्डिंग. डग्गा कुठे येणार हे मला माहीत असल्यामुळे तो मला ऐकू येत होता. मुलगा मात्र तबला शिकतोय, त्याचा डावा हात रोज गुरुजींच्या बोलण्याखाली असतो. त्याला तो ऐकू आला नाही.

त्याच रात्री आम्ही दोघं बसलो. आधी स्पीकरच्या वायरी उलट लावल्या. मुका डग्गा उजवीकडे गेला, म्हणजे स्पीकर बरे होते. मग जुन्या कर्नलवर यंत्र सुरू केलं, वर्षभरापूर्वीच्या. तसंच. म्हणजे हा नव्या बदलाचा दोष नव्हता. एक शंका उरत होती की ड्रायव्हरमध्येच जुनी चूक असेल. पण आकड्यांची चूक फक्त खालचे सूर, तेही एकाच बाजूचे, असे वेचून खात नाही. मी ६० हर्ट्झचा सूर वाजवला. उजवीकडे टेबल थरथरलं. डावीकडे जवळजवळ काहीच नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

दोन्ही बाजूंना आवाज बाहेर पडायच्या आधी एकेका कॅपॅसिटरमधून जातो. तो थेट प्रवाह अडवतो आणि आवाजाची कंपनं जाऊ देतो. आतला द्रव वर्षानुवर्षांत सुकत गेला की त्याची क्षमता घटते, आणि आधी अडकतात ते खालचे सूर. ४४० आरामात पार होतो. डग्गा अडकतो. जुन्या बाजारातलं कार्ड लावून बघितलं, तोच ड्रायव्हर, तोच कर्नल. डग्गा दोन्हीकडे होता.

कॅपॅसिटर एका दिवसात सुकत नाही. म्हणजे मागच्या तीन आवृत्त्यांना मी ‘तपासलं’ म्हणून कळवलं तेव्हाही डावी बाजू अर्धीच वाजत असणार. ड्रायव्हरचा दोष नव्हता म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही. पण मी ऐकलं असं लिहिलं होतं. पुढच्या दोन रविवारी मी त्या तिन्ही आवृत्त्या दुसऱ्या कार्डावर पुन्हा चढवल्या आणि पहिल्यापासून तपासल्या. ठीक होत्या. यादीत आता ६० हर्ट्झचा सूर आहे, आणि शेवटचं भजन मुलगा ऐकतो, मी नाही.

परवा मामाच्या कार्डाचा तो कॅपॅसिटर बदलला. सोल्डरिंग गन तापवली, जुना उपसून काढला, नवा बसवला. उजवीकडचाही बदलला, त्याचंही वय तेवढंच. मुलानं टॉर्च धरला होता. कार्ड स्लॉटमध्ये दाबून बसवलं, यंत्र सुरू केलं, आज्ञा दिली.

स्पीकरमधून आवाज आला तो टप् नव्हता. जरा खालचा, भरलेला, ‘थप्’ असा होता. मामाच्या दुकानात तो असाच यायचा. मी ड्रायव्हर उतरवला आणि पुन्हा चढवला.

“थप् आला,” मुलगा म्हणाला, “दोन्हीकडून.”